टॉन्सिलचा निर्णय आणि घाटातले दहा दिवस

गणपतीत महाड-पोलादपूरकडची घरं भरतात. मुंबईचे चाकरमानी येतात, माजघरात एका ओळीने अंथरुणं पडतात आणि एरवी आईच्या कुशीत झोपणारं पाच-सहा वर्षांचं पोर दहा-बारा माणसांत झोपतं. सकाळी चहाच्या वेळी कुणीतरी विषय काढतं, ‘हा केवढा घोरतो गं! आणि मध्येच श्वास थांबल्यासारखं करतो.’ लगेच काका म्हणतात, टॉन्सिल असणार, काढून टाका, आमच्या मेव्हण्याच्या मुलाचे काढले तर पोर कसं सुटलं बघा. आजी म्हणते, अंगातलं काही काढू नये, मिठाच्या गुळण्या द्या. दोघांचंही बोलणं मायेपोटीच असतं. पण निर्णयाला लागणारी माहिती दोघांकडेही नसते. ती असते आईकडे. थोडी तिच्या आठवणीत आणि थोडी पिशवीत कोंबलेल्या केसपेपरांवर.

ही माहिती एकत्र कशी करायची, डॉक्टरांपुढे कशी ठेवायची आणि शस्त्रक्रिया ठरलीच तर घाटमाथ्याखालच्या या दोन तालुक्यांत राहणाऱ्या आईवडिलांनी कोणती जास्तीची खबरदारी घ्यायची, यासाठी हा लेख.

आधी टॉन्सिल कुठे असतात ते पाहू. गावात घशातल्या कुठल्याही तक्रारीला ‘पडजीभ वाढली’ म्हणायची पद्धत आहे. मधोमध लोंबते ती पडजीभ. तिच्या डावी-उजवीकडे मांसाच्या ज्या दोन गाठी दिसतात, ते टॉन्सिल. नाकाच्या मागे, आ करूनही न दिसणारी अशीच आणखी एक गाठ असते, तिला अ‍ॅडिनॉइड म्हणतात. लहान मुलांच्या घोरण्यात तिचा वाटा मोठा असतो. सुश्रुतसंहितेत घशात आवळ्याच्या बीएवढी होणारी गाठ ‘गिलायू’ या नावाने आली आहे आणि ती शस्त्राने बरी होणारी सांगितली आहे. म्हणजे काढावं की ठेवावं, हा प्रश्न आजचा नाही.

या गाठी तोंडावाटे आणि नाकावाटे येणाऱ्या जंतूंची शरीराला पहिली ओळख करून देतात. मूल अंगणवाडीत, मग शाळेत जायला लागतं, रोज नवे जंतू भेटतात आणि गाठी फुगतात. साधारण तीन ते सात या वयात त्या सर्वांत मोठ्या दिसतात. पुढे वयात येताना आपोआप आक्रसतात. म्हणून बॅटरीच्या उजेडात टॉन्सिल मोठे दिसले, एवढ्यावरून ते काढायचे नसतात. मोठे टॉन्सिल असूनही शांत झोपणारी, वर्षातून एकदा-दोनदाच आजारी पडणारी कितीतरी मुलं आहेत. त्यांच्या टॉन्सिलला हात लावण्याचं कारण नाही.

नुसत्या नजरेने ठरवलं तर काय होतं, हे १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दिसून आलं. तिथे अकरा वर्षांच्या १,००० शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यांतल्या ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, तेव्हा त्यांनी १७४ मुलांना शस्त्रक्रिया हवी असं सांगितलं. ज्यांना नको सांगितलं होतं, ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली. त्यांनी त्यांतल्या ९९ जणांचे काढा म्हटलं. राहिलेली ११६ मुलं तिसऱ्यांदा वेगळ्या डॉक्टरांना दाखवली, तर आणखी ५१ जणांना शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. हजारांतली फक्त ६५ मुलं सुटली. प्रत्येक फेरीत आकडा शेकडा पंचेचाळीसच्या आसपास. मुलं बदलली, आधीच्या फेरीत ‘बरी’ ठरलेली पुढच्या फेरीत गेली, तरी प्रमाण तेच राहिलं. याचा अर्थ ते डॉक्टर लबाड होते असा नाही. मोजायला काही ठरलेलं माप नसलं की चांगला माणूससुद्धा सवयीने बोलतो, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडमध्येही १९३०च्या दशकात अ‍ॅलिसन ग्लोव्हर यांनी हेच दाखवलं. शेजारशेजारच्या भागांत या शस्त्रक्रियांचं प्रमाण कितीतरी पटींनी वेगळं होतं आणि हॉर्न्सी या गावात शाळांचा वैद्यकीय अधिकारी बदलताच शस्त्रक्रिया एकदम मूठभरांवर आल्या. गावातल्या मुलांचे घसे एका वर्षात बदलले नव्हते.

आज माप आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे बालरोगतज्ज्ञ जॅक पॅराडाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून ते आलं आणि जगभरचे कान-नाक-घसा तज्ज्ञ ते कमी-अधिक फरकाने वापरतात. गेल्या एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा घसा धरला असेल, तर टॉन्सिल काढण्याचा विचार करायचा. त्याहून कमी असेल तर थांबायचं, लक्ष ठेवायचं.

यातली खरी मेख ‘वेळा’ या शब्दात आहे. नाक गळतंय, खोकला आहे, घसा थोडा खवखवतोय, ही या मोजणीतली खेप नव्हे. ती साधी सर्दी. खेप मोजायची तर घसादुखीबरोबर पुढच्या चारांपैकी एक तरी गोष्ट हवी. १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, जबड्याखाली मानेत दुखणाऱ्या किंवा चांगल्याच सुजलेल्या गाठी, टॉन्सिलवर पांढरा-पिवळा थर, किंवा घशातल्या स्रावाच्या तपासणीत स्ट्रेप्टोकॉकस जंतू सापडणं. शिवाय त्या त्या वेळची नोंद असायला हवी. ‘दर महिन्याला घसा दुखतो हो याचा’ असं सांगताना आई खोटं बोलत नसते. पण पाच रात्री जागून काढलेल्या आईला दोन महिन्यांचं अंतर दोन आठवड्यांचं वाटतं. पॅराडाइज यांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. इतक्या वेळा आजारी पडणाऱ्या मुलांना शस्त्रक्रियेचा पुढची दोन वर्षं फायदा झाला. पण शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकीही बऱ्याच मुलांच्या खेपा कमी झाल्या, कारण मूल वाढतं तसा त्याचा घसाही सावरतो. पुढे २००२ मध्ये त्यांनीच थोड्या कमी त्रासाच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा शस्त्रक्रियेचा फायदा इतका बेताचा निघाला की तेवढ्यासाठी भूल, वेदना आणि रक्तस्रावाचा धोका पत्करणं योग्य नाही, असं मत त्यांनी दिलं.

नोंदीचं महत्त्व महाडला बाहेरच्यांनी सांगायची गरज नाही. १९७०च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, हृदय निकामी होऊन दगावत होती. डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, हातापायांचा थंडपणा असं सगळं वेळेसह लिहीत गेले. त्या निरीक्षणांवरचा लेख १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे प्राझोसिन या गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू खूप खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी यंत्रं नसलेल्या केंद्रात हे झालं, ते कागदावरच्या नोंदींच्या बळावर. मुलाच्या घशासाठी तेवढीही मेहनत लागत नाही. एक शंभर पानी वही, एक थर्मामीटर आणि ताप आला की दोन ओळी.

त्या दोन ओळी अशा असाव्यात : ‘१२ ऑगस्ट. संध्याकाळपासून घसा दुखतो, गिळत नाही. ताप १०२. सर्दी-खोकला नाही. मानेत उजवीकडे गाठ, हात लावला की रडतो. टॉन्सिलवर पांढरे ठिपके. डॉक्टरांनी औषध दिलं (चिठ्ठी चिकटवली). शाळा ४ दिवस बुडाली.’ चिठ्ठी खरोखरच पानावर चिकटवावी. औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेलं औषध असेल तर बाटलीवरचं नाव उतरवून घ्यावं. एक वर्षाने ही वही महाडच्या, अलिबागच्या किंवा मुंबईच्या कुठल्याही तज्ज्ञापुढे ठेवली, तर त्यांना जे पाच मिनिटांत कळेल ते नुसत्या तपासणीतून कळणार नाही. अनेक घरांत वही ठेवायला लागल्यावर असंही दिसतं की ‘दर महिन्याला’ वाटणाऱ्या खेपा वर्षाला तीनच भरतात आणि त्यांतली एक साधी सर्दीच असते.

दुखणाऱ्या घशाचं त्या त्या वेळी काय करायचं, हेही निर्णयाइतकंच महत्त्वाचं. मुलांचा घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो. त्याला अँटिबायोटिक लागत नाही. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, कोमट पेज आणि विश्रांती पुरते. चार-पाच मुलांमागे साधारण एकाच्या घसादुखीमागे स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू असतो. त्याला अँटिबायोटिक लागतं आणि ते डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस द्यावं लागतं, बहुधा दहा दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून बाटली फळीवर ठेवून देणं ही आपल्याकडची जुनी चूक आहे. या जंतूचा नीट बंदोबस्त झाला नाही, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो. एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात जाणारी सूज दिसते आणि मागून हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. भारतात हा आजार अजून आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचे घसादुखीनंतर सांधे सुजले, धाप लागली, तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नये. टॉन्सिल काढणं हा संधिवाताच्या तापावरचा इलाज नाही. त्यावर पेनिसिलिनच लागतं आणि एकदा तो ताप येऊन गेला की नियमित इंजेक्शनं अनेक वर्षं घ्यावी लागतात.

काही वेळा मात्र वही वगैरे बाजूला ठेवून लगेच निघायचं असतं. मुलाला स्वतःची थुंकीही गिळता येत नाही, लाळ गळते, तोंड उघडत नाही, बोलणं घशात गरम बटाटा धरल्यासारखं येतं, तर टॉन्सिलच्या मागे पू साचलेला असू शकतो. श्वास घेताना आवाज येत असेल तर तासाचाही उशीर नको. घशात राखाडी, चिकट पडदा दिसला, मान सुजली आणि लस अर्धवट राहिली असेल, तर घटसर्पाची शंका घ्यावी लागते. अशा वेळी घशात बोट घालून, मीठ किंवा राख लावून ‘पडजीभ उचलण्याचा’ प्रयोग कुणालाही करू देऊ नये.

टॉन्सिल काढण्याचं दुसरं कारण घसादुखीचं नाही, झोपेचं आहे. आज अनेक ठिकाणी मुलांच्या या शस्त्रक्रिया जास्त करून त्यासाठीच होतात. गणपतीतल्या त्या सकाळी चहावर निघालेला विषय इथे कामाचा ठरतो. सर्दीत घोरणं वेगळं. सर्दी नसताना आठवड्यातल्या बहुतेक रात्री मूल जोरात घोरतं, घोरता घोरता एकदम शांत होतं, छाती हलत राहते पण हवा जात नाही आणि मग दचकून, हुंदका दिल्यासारखा श्वास घेतं, हे धोक्याचं लक्षण आहे. अशी मुलं मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपतात, घामाने उशी भिजवतात, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू करतात. सकाळी डोकं दुखतं म्हणतात. मोठा माणूस नीट झोपला नाही की दिवसा पेंगतो. मूल उलट चिडचिडं होतं, एका जागी बसत नाही. बाई तक्रार करतात की लक्ष नाही, घरी वाटतं खोडकर आहे.

झोपेची संपूर्ण तपासणी करणारी सोय मोठ्या शहरांत असते आणि तिचा खर्चही असतो. प्रत्येक मुलाला ती लागत नाही. दोन वर्षांच्या आतलं मूल, फार लठ्ठ मूल, डाऊन सिंड्रोम किंवा चेहऱ्याच्या हाडांची वेगळी ठेवण असलेलं मूल, सिकलसेल असलेलं मूल यांना शस्त्रक्रियेआधी ती करावी असं सांगितलं जातं. लक्षणं आणि तपासणी यांचा मेळ बसत नसेल तेव्हाही ती उपयोगी पडते. बाकीच्यांसाठी हातातला मोबाइल बराच पुरावा देतो. झोप लागून दोन-तीन तास झाले की, आणि पहाटे पुन्हा एकदा, मुलाचा गळा-छाती उघडी ठेवून तीन-चार मिनिटांचं चित्रीकरण करावं. दिवा लागलेला असावा, पंख्याचा आवाज कमी करावा, म्हणजे श्वास ऐकू येतो. अशा तीन वेगवेगळ्या रात्री. दवाखान्यात दिवसा हसत-खेळत बसलेलं मूल रात्री कसं झगडतं, हे डॉक्टरांना एरवी कधीच दिसत नाही.

या कारणासाठी शस्त्रक्रियेचा उपयोग किती? २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. झोपेत श्वास अडणाऱ्या पाच ते नऊ वयाच्या ४६४ मुलांपैकी निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर केली, निम्म्यांवर नुसतं लक्ष ठेवलं. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सुरळीत आली. नुसतं थांबलेल्यांतही ४६ टक्के मुलं आपोआप सुधारली होती. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचं वागणं आणि रोजचं जगणं अधिक सुधारलं, पण लक्ष देण्याच्या चाचणीत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणून सौम्य त्रास असेल तर काही महिने थांबून, नाकातल्या फवाऱ्याने अ‍ॅलर्जीवर इलाज करून पाहता येतं. त्रास जास्त असेल, वजन वाढत नसेल, रात्री ऑक्सिजन खाली जात असेल, तर मात्र ‘मोठा झाला की जाईल’ म्हणत बसणं हा मुलावर अन्याय आहे. थांबण्याच्या काळात घरातला विडी-सिगारेटचा आणि चुलीचा धूर मुलापासून दूर ठेवावा. नाक-घशाला त्याचा त्रास होतोच.

‘टॉन्सिल काढले तर प्रतिकारशक्ती जाईल का?’ हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते आणि तो योग्य आहे. शरीरात हेच काम करणाऱ्या इतर कितीतरी गाठी असतात. शस्त्रक्रियेनंतर मुलं वारंवार आजारी पडू लागतात असं रोजच्या अनुभवात दिसत नाही. डेन्मार्कमध्ये जवळजवळ १२ लाख मुलांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टॉन्सिल काढलेल्यांना पुढे श्वसनमार्गाचे आजार अधिक झालेले आढळले. पण मुळात आजारी मुलांचेच टॉन्सिल काढले जातात, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यातून पक्कं सांगता येत नाही. पालकांनी यातून एवढं घ्यावं : गरज असेल तर या भीतीने थांबू नये, गरज नसेल तर ‘काढून टाकलेलं बरं’ म्हणून काढू नये.

आता कुठे जायचं? पहिली पायरी बालरोगतज्ज्ञ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करायला येतं; त्या दिवशी मुलाच्या हातात वही द्यावी आणि घोरण्याचं, कमी ऐकू येण्याचं सांगायला बाईंना आधीच कळवावं. पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञ. महाड आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांतून वरच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. माणगावचं उपजिल्हा रुग्णालय, अलिबागचं जिल्हा रुग्णालय, दक्षिणेला सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय आणि मुंबईला केईएम, शीव, नायर, परळचं वाडिया हे पर्याय इथल्या लोकांच्या पायाखालचे आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आपल्या मुलाची शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेतून होते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून भरती होण्याआधी विचारावं, बिल झाल्यावर नाही. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. तिथल्या समाजसेवा विभागाला तसा अर्ज करता येतो.

डॉक्टरांपुढे बसल्यावर गप्प राहू नये. याचे टॉन्सिल कोणत्या कारणासाठी काढायचे, घशासाठी की झोपेसाठी? सहा महिने थांबलो तर काय बिघडेल? भूल कोण देणार, आणि ते लहान मुलांना नेहमी भूल देतात का? रात्रभर ठेवणार का? आठव्या दिवशी रात्री दोन वाजता रक्त आलं तर फोन कुणाला करायचा आणि शस्त्रक्रियागृह कुठलं उघडणार? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. लेझर, कोब्लेशन अशी नावं ऐकून दिपून जाऊ नये. यंत्र महाग म्हणजे रक्तस्राव कमी, असं समीकरण नाही. इंग्लंडमधल्या राष्ट्रीय पाहणीत उष्णतेने कापणाऱ्या पद्धतींमध्ये नंतरचा रक्तस्राव जुन्या साध्या पद्धतीपेक्षा जास्तच आढळला होता. डॉक्टरांचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे ती चांगली.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. हे मुद्दाम सांगायचं, कारण रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात पैसे देण्या-घेण्याची कीड या व्यवसायात आहे आणि तिच्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांत महाडचंच नाव पुढे आहे. २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून आलेला १,२०० रुपयांचा असा धनादेश डॉ. बावस्करांनी मुकाट ठेवून घेतला नाही, थेट महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. ज्या गावात असा डॉक्टर आहे, तिथल्या आईवडिलांनी ‘मला आणखी एका डॉक्टरांना दाखवायचं आहे’ एवढं म्हणायला संकोचू नये.

शस्त्रक्रिया ठरली की तारीख. आपल्याकडे सगळं मे महिन्याच्या सुट्टीत उरकायची रीत आहे. इथे घाटातल्या रस्त्याचा विचार आधी करावा लागतो, कारण या शस्त्रक्रियेतला मोठा धोका टेबलावर संपत नाही. शंभरातल्या काही मुलांना, साधारण दोन ते पाच जणांना, नंतर रक्तस्राव होतो. काहींना पहिल्या चोवीस तासांत, आणि बऱ्याच जणांना पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, जेव्हा घशातली खपली सुटते. तोवर मूल घरी आलेलं असतं, सगळे निर्धास्त असतात. मुंबईच्या परळमध्ये राहणाऱ्याला आठव्या रात्री रक्त आलं तर रुग्णालय पंधरा मिनिटांवर असतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या पोटातल्या वाडीवर तेच रक्त वेगळी गोष्ट आहे.

आणि पावसाळ्यात तर रस्ताच राहील याची खात्री नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली होतं, तळिये गावावर दरड कोसळली, त्याच दिवशी पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथे दरडी आल्या. वरंध घाट पावसात अनेकदा बंद ठेवावा लागतो. म्हणून तातडीची नसलेली शस्त्रक्रिया जून ते सप्टेंबर या काळात इथल्या मुलांची करू नये. दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ ठीक. मेच्या शेवटच्या आठवड्यात शस्त्रक्रिया केली, तर दहावा दिवस जूनमध्ये येतो, हे बोटावर मोजून पाहावं. ज्यांचं घर दूर वाडीवर आहे त्यांनी दहा दिवस महाडला, माणगावला, मुंबईला, जिथे शस्त्रक्रिया झाली तिथून तासाभराच्या आत राहणाऱ्या नातेवाइकाकडे मुक्काम करावा. मामाकडे राहायचं हे कारण पोरालाही आवडतं.

आधीच्या तयारीत तीन-चार गोष्टी राहून जातात. कुटुंबात कुणाला दात काढल्यावर, बाळंतपणात किंवा साध्या जखमेतून खूप वेळ रक्त आलं असेल, मुलाचा घोळणा वारंवार फुटत असेल, तर डॉक्टरांना न विचारताही सांगावं. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात हलत असेल तर भूलतज्ज्ञांना दाखवावा. बेशुद्धीत तो पडून श्वासनलिकेत जाऊ शकतो. दोन आठवड्यांत ताप-खोकला झाला असेल तर तारीख पुढे ढकलावी, मामाची रजा वाया गेली तरी चालेल. आणि उपाशी ठेवण्याची वेळ पाळावी. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत, किंवा भूलतज्ज्ञ सांगतील तसं. रडतंय म्हणून आजीने लपवून दिलेलं एक बिस्किट भूल देताना जिवावर बेतू शकतं.

शस्त्रक्रियेनंतर घशात दोन्ही बाजूंना पांढरट-पिवळट थर दिसतो. तो पू नव्हे. जखम भरताना तसंच दिसतं. तोंडाला वास येतो, कान दुखतो, तेही नेहमीचं. दुखणं तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतं आणि आठ-दहा दिवस राहतं. वजनाप्रमाणे ठरवून दिलेलं दुखण्याचं औषध घड्याळ लावून द्यावं, रडण्याची वाट पाहू नये. कोडीनचं कफ सिरप बारा वर्षांखालच्या मुलाला मुळीच नको आणि टॉन्सिल काढल्यावर तर ट्रामाडॉलही नको; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत कडक इशारा दिला, कारण काही मुलांचा श्वास त्याने थांबला होता. पाणी, थंड दूध, गार केलेली तांदळाची पेज, नाचणीची सैल खीर, गुरगुट्या भात, केळं असं दर तासाला थोडं थोडं द्यावं. जे मूल पाणी पीत नाही त्याचा घसा कोरडा पडतो आणि दुखणं वाढतं. फरसाण, कुरडई, पापड, भाकरीचा कडक पापुद्रा दोन आठवडे दूर. कोकम सरबतही नको. ते आंबट म्हणून झोंबतं आणि उलटी झाली तर लाल रंगामुळे रक्त की सरबत हेच कळत नाही.

रात्री मुलाकडे लक्ष द्यावं. झोपेत ते वारंवार आवंढा गिळत असेल तर दिवा लावून घसा पाहावा. रक्त गिळलं जात असेल. कॉफीच्या रंगाची उलटी म्हणजे पोटात गेलेलं जुनं रक्त. ताजं लाल रक्त चमचाभर दिसलं, तरी सकाळची वाट पाहायची नाही. मुलाला बसवून पुढे वाकवायचं, रक्त थुंकू द्यायचं, झोपवायचं नाही, खायला द्यायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली त्यांना निघतानाच कळवायचं. थांबलं असं वाटलं तरी जायचं, कारण मोठ्या रक्तस्रावाआधी पुष्कळदा थोडंसं रक्त येऊन थांबतं.

दहावा दिवस उलटला, मूल नीट जेवायला लागलं, दोन रात्री औषधाशिवाय शांत झोपलं की घरचा रस्ता धरायला हरकत नाही. शाळा साधारण दोन आठवड्यांनी. धावाधाव, पोहणं आणि गड चढणं त्यानंतर. मूल घरी आलं की महिनाभराने पुन्हा एकदा मोबाइलवर त्याची झोप टिपावी आणि तपासणीला जाताना ती दाखवावी, कारण काही मुलांचं घोरणं शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण जात नाही आणि तेव्हा पुढची तपासणी लागते.